पाळकाची पिशवी
बी.डी. झालास, ग्रीक येतं, हिब्रूही थोडं वाचतोस. छान. पण आपल्या नगरकडच्या मंडळीत तुला ग्रीक कुणी विचारणार नाही. पहिल्याच महिन्यात एखादी मयत होईल, तिथून तुझी खरी परीक्षा सुरू.

निरोप आला की आधी त्या घरी जायचं, उपदेशाची तयारी मागून. दाराशी बसलेल्या एखाद्या म्हातारीला हळूच विचारायचं, ‘यांना घरात काय म्हणायचे?’ माझ्या पहिल्या अंत्यविधीत मी रजिस्टरातलं नाव घेऊन प्रार्थना केली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सगळं गाव त्यांना बापूच म्हणायचं, हे कागदावरचं नाव सख्ख्या पुतण्यालाही ठाऊक नव्हतं!

मग एक माणूस कबरस्तानात पाठव. आपली काळी माती, पावसात खड्ड्याच्या कडा ढासळतात, तळाला पाणी साचतं. बादली, ताडपत्री आणि दोन जाड दोर मंडळीच्या मालकीचे हवेत. पेटी काठाशी आणून ठेवली आणि दोर आणायला पोरगा शेजारच्या विहिरीवर पळाला, हेही मी पाहिलंय. तेव्हापासून दोर माझ्या पिशवीत असायचा. पाळकीणबाई हसायच्या.

त्याच पिशवीत शाईचं पॅडही असू दे. लग्नाचं रजिस्टर पंगत बसायच्या आत पूर्ण करायचं, वधूवरांच्या आणि दोन्ही साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठे घेऊन. एकदा पंगत उठली की साक्षीदार सापडत नाही. आणि वेळ सांभाळ. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात लग्नविधीची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी आहे. वरात बँडपुढे नाचत राहते, सूर्य काही थांबत नाही. चारचं लग्न असेल तर मुलाच्या मामाला तीनच सांग.

अर्पणाची थैली एकट्यानं कधी मोजू नकोस. दोन पंचांनी तुझ्यासमोर मोजायची, वहीत आकडा लिहून सह्या करायच्या. रात्रभरसुद्धा पैसे पाळकाच्या घरात नकोत.

दवाखान्यात प्रार्थना दोन मिनिटांची, उभ्यानं. खाटेवर बसायचं नाही, टाके ओढले जातात.

घरभेटीला वस्तीच्या शेवटच्या घरापासून सुरुवात कर. पंचांच्या बंगल्यापासून केलीस की तिथेच दुपार होते. चहाला ‘नको’ म्हणायचं नाही, ‘अर्धाच’ म्हणायचं. दहा घरं म्हणजे पाच कप. माझी शुगर त्यातूनच आलीय असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण माझा संशय आहे.

उपदेश वीस मिनिटांत संपव. म्हाताऱ्या डोळे मिटतात त्या प्रार्थनेसाठी नव्हे. त्यांना जागं करायचं तर रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन धर, चष्मा न लावता सगळी कडवी म्हणतील.

आणि नाताळात देऊळ अर्धं रिकामं दिसलं म्हणून चिडू नकोस. ती माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, पाडव्याच्या सुमारास परततील. तूच कारखान्यावर त्यांच्या कोप्यांवर जा. संध्याकाळी, बैल सोडल्यावर. पहाटे परत फडात जायचं असतं, लांबण लावू नकोस. बसायला पाचट पसरतील, त्यावरच बस. खुर्ची आणायला पोराला पिटाळतील, त्याला जाऊ देऊ नकोस.