मागायचं ते लेखी माग

भिंगार

चि. सोनू,


राजीनामा एवढ्यात देऊ नकोस, हे आधी सांगते.

ऑटिझमचं निदान सव्विसाव्या वर्षी झालं, पण तू पहिल्यापासून हीच आहेस. इथे विसर्जनाचे ढोल जवळ आले की तू माळ्यावर गोधडीत डोकं खुपसून बसायचीस. खाली बायका म्हणायच्या, "मुलीच्या जातीला चार माणसांत बसता यायला हवं." मग तू शिकलीस. चहाचा ट्रे नेताना हसायचं, पाहुण्यांच्या नजरेला नजर द्यायची आणि ते गेले की दार लावून अंधारात पडून राहायचं. मुली हे लपवायला लवकर शिकतात आणि निदान लांबत जातं. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ मुलांवरून ऑटिझमचं वर्णन केलं, त्यांत ८ मुलगे होते. मुलींकडे त्याच मापाने बघत राहिले सगळे.

"टीममध्ये मिसळत नाही" या साहेबांच्या शेऱ्याला लेखी उत्तर दे. मी जन्मभर कचेरीत फायली हाताळल्या. कागदावर नसतं ते तिथे घडलेलंच नसतं. तोंडी सांगितलेलं काम नंतर दोन ओळींच्या मेलवर यावं, मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी मिळावेत, जागा दारापासून लांब असावी, काम करताना हेडफोन चालावा. यात कंपनीचं काय जातं?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमताही आहे. समान संधी धोरण खासगी कंपनीलाही जाहीर करावं लागतं. वीस किंवा जास्त माणसं असतील तर संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. ते धोरण एचआरकडे माग. ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर घाबरू नकोस. तो आरक्षणासाठी लागतो. वाजवी सोय त्यावर अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार खटल्यात सांगितलंय; यूपीएससीच्या परीक्षेला लेखनिक मागणाऱ्या उमेदवाराचा खटला तो.

निदान सांगायचं की नाही, तुझं तू ठरव. न सांगताही सोय मागता येते. कायद्यावर बोट ठेवायचं तर मात्र सांगावं लागेल.

आणि तुझ्या शेजारच्या टेबलावरची ती मुलगी. तिला एडीएचडी आहे म्हणालीस. त्या २१ प्रकारांत एडीएचडीचं नाव नाही, त्यामुळे तिची बाजू तुझ्यापेक्षा लंगडी. माझा जीव तिच्यासाठी जास्त तुटतो. म्हणून मागणी एकटीपुरती करू नकोस. लेखी सूचना, आधी कळवलेले मुद्दे, शांत कोपरा हे साऱ्या विभागाला द्या, असं लिही. मग कुणालाच आपलं निदान टेबलावर ठेवावं लागणार नाही.

मसुदा रविवारपर्यंत मला पाठव. "कृपा करावी" असं कुठे असेल तर मी ते खोडणार.

तुझी,
आत्या