ओलं वेगळं, सुकं वेगळं, सुई बाटलीत

मुली, दिल्लीत मयूर विहारात घर मांडलं आहेस, तर आधी गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर एकदा बघून ये. 1984पासून तिथे कचरा पडतो आहे. सप्टेंबर 2017मध्ये त्याचा कडा कोसळला, माणसं गाड्यांसकट कालव्यात फेकली गेली, दोघांचा जीव गेला. उन्हाळ्यात तो पेटतो, कारण आपल्या भाजीची देठं प्लास्टिकखाली हवेविना कुजली की मिथेन तयार होतो. म्हणून बाकी काही नाही जमलं तरी चालेल, ओलं मात्र सुक्यात जाता कामा नये.

भाजी चिरायला बसलीस की डबा शेजारीच हवा. तळाला वर्तमानपत्र घाल, प्लास्टिकची पिशवी नको. चहाचा चोथा, उरलेली आमटी आधी चाळणीत निथळू दे. बाल्कनीत खत करशील तर दर थरावर सुकी पानं हवीत, नाहीतर ते चिकट होऊन वास मारतं. फाल्गुन-चैत्रात इथे कडुनिंब पानं गाळतो, तेव्हाच गोणी भरून ठेव. मे महिन्यात खत कोरडं पडतं, पाणी शिंपडत जा. थंडीत मात्र कुजायला वेळ लागतो, दम धर. आणि माळी पानं पेटवताना दिसला तर थांबव. दिल्लीत त्याला बंदी आहे, आणि हिवाळ्यात इथे श्वास घेणं आधीच कठीण असतं.

कूडा नेणारा हातानेच निवडतो, हे कधी विसरू नकोस. सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाक, झाकण घट्ट लाव, वर लिहून ठेव. फुटलेली काच कागदात गुंडाळून वेगळी दे. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढ; पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बायकांनी घरोघरी हेच मागितलं होतं.

जुना मोबाइल, चार्जर कबाड्याला विकू नकोस. असला माल इथल्याच सीलमपूरच्या गल्ल्यांत जातो. तांब्यासाठी तारा जाळल्या की तो विषारी धूर तिथल्या पोरांच्या छातीत जातो. चार पैसे कमी मिळाले तरी मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्रालाच दे. फुगलेली बॅटरी तर घरात साठवूच नकोस, ती पेट घेते.

गणपतीचं निर्माल्य यमुनेत नको गं. हारांतले दोरे, जरी, थर्माकोल काढ आणि फुलं-दूर्वा खताच्या कुंडीत घाल. नारळाची शेंडी तेवढी बाजूला ठेव, कढई घासायला होते.