आई-वडिलांसोबत एका दिवसाची भटकंती

प्रश्न : आम्ही खांदेश्वरला राहतो. गाडी नाही, आई-वडील सत्तरीचे. गर्दीच्या ठिकाणांऐवजी एका दिवसात पाहता येईल असं जवळचं गाव सुचवाल का?
– एक वाचक, खांदेश्वर

उत्तर : लोकलने एकच स्टेशन पुढे पनवेलला या आणि मुंबई-गोवा महामार्गावरचं शिरढोण गाठा. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली इथलाच. त्यांचा वाडा आणि स्मारक अवश्य पाहा. तिथून त्याच रस्त्याने पेणकडे निघा. वाटेत कर्नाळा पक्षी अभयारण्य लागतं, पण किल्ल्याची चढण वडीलधाऱ्यांना झेपणारी नाही, ती वगळा.

पेणजवळच्या हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. गणेशोत्सवाच्या आधीचे दोन-तीन महिने रंगकाम आणि डोळ्यांची आखणी पाहायला मिळते. मात्र ऐन लगबगीत कारागिरांना विचारूनच आत जा. दम्याचा त्रास असेल तर रंगाच्या फवाऱ्यापासून लांब राहा.

परतताना पेणचे पोह्याचे पापड घ्या. शनिवार-रविवारी महामार्ग तुंबतो, म्हणून मधला वार निवडा. दोन्हीकडे धावपळ नको असेल, तर शिरढोण पुढच्या खेपेला ठेवा.