पाठ: अण्णांची पायपीट आणि जपान

मुलांनो, उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा आले की आपल्या गल्लीत काय दिसते? सकाळी सहाला आजोबा पांढरे बूट आणि कानटोपी घालून फिरायला निघतात. तासाभराने परत येऊन, कोणाच्या अंगणात कसली फुले आहेत ते आपल्यालाच सांगतात! आज अशाच एका चालणाऱ्या आजोबांची गोष्ट वाचू. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

अण्णांचा जन्म १८५८ चा. गाव कोकणातले मुरूड, दापोलीजवळचे (जंजिऱ्याचे मुरूड वेगळे). शाळेत असताना त्यांना सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला जायचे होते. मध्ये सह्याद्रीचा घाट आणि शंभराहून जास्त मैल रस्ता. मुले पायी निघाली आणि चार दिवसांत पोचली. आता गणित करा: रोज किमान पंचवीस मैल, म्हणजे जवळजवळ एक मॅरॅथॉन, आणि तीही लागोपाठ चार दिवस. पण तिथे साहेबांनी अण्णांकडे पाहिले आणि ठरवले की हा मुलगा परीक्षेला लागणाऱ्या वयाचा दिसत नाही. अण्णा अंगाने लहानखुरे होते. त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही!

पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्या काळी मुलींची लग्ने फार लहानपणी होत. नवरा वारला तर त्या मुलीचे केस कापत, तिला पुन्हा लग्न करू देत नसत, शिकवीतही नसत. अण्णांची पहिली पत्नी वारली, तेव्हा १८९३ साली त्यांनी मुद्दाम एका विधवेशी, गोदूबाईंशी लग्न केले. मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या गावातून ते हिंडले-फिरले, त्याच गावात त्यांना आपले म्हणणारे थोडेच उरले.

१८९६ मध्ये अण्णांनी अशा मुलींसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत नेला. हिंगणे सुमारे चार मैलांवर, आणि पावसाळ्यात वाटेत नुसता चिखल. अण्णा दिवसा कॉलेजात शिकवीत आणि संध्याकाळी चालत आश्रमात जात. कधी बरोबर आश्रमासाठी सामानाचे ओझे असे. टांग्याचे पैसे वाचले की ते मुलींच्या उपयोगी पडत. आता तिथे झोपडी नाही, गजबजलेले कर्वेनगर आहे.

मग यात जपान कुठून आले? टपालातून! तोक्योमध्ये जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ सुरू केले होते. त्याची माहिती देणारे एक छोटे पुस्तक अण्णांच्या हाती पडले. जपानला जमते तर आपल्याला का नाही, असे त्यांना वाटले, आणि १९१६ साली त्यांनी पुण्यात भारतातले पहिले महिला विद्यापीठ स्थापन केले. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी जपानला गेले असताना त्यांनी तोक्योचे ते विद्यापीठ पाहिले आणि १९२० मध्ये अण्णांच्या विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली. विद्यापीठाला त्यांच्या आईचे नाव दिले. तेच आपले एस.एन.डी.टी. (आपल्या वर्गातल्या कोणाची आई किंवा आजी तिथे शिकली आहे का? विचारा.)

अण्णांनी स्वतः मात्र जपान अजून पाहिले नव्हते. १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते जगाच्या प्रवासाला निघाले. इंग्लंड, युरोप, मग आपली अमेरिका आणि इथून जपान. काही जण देवळे आणि बागा पाहायला जपानला जातात. अण्णांना पाहायचे होते ते पुस्तकात वाचलेले विद्यापीठ, आणि ते त्यांनी पाहिले. १९३० मध्ये ते घरी परतले.

पण अण्णांच्या घरातून अमेरिकेला आधी कोण आले होते, माहीत आहे? गोदूबाईंच्या बहीण पार्वतीबाई आठवले. १९१८ साली इंग्रजी धड येत नसताना त्या एकट्या इथे आल्या, लोकांच्या घरी कामे केली, इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवले. खरे तर त्यांच्यावर वेगळा पाठच हवा.

जपानहून आल्यावरही अण्णा स्वस्थ बसले नाहीत. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या शाळांसाठी मंडळ काढले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. १९६२ मध्ये ते वारले.

शब्द: पायपीट – खूप चालण्याचे कष्ट. बहिष्कार – वाळीत टाकणे. लहानखुरा – चणीने लहान. पायाला भिंगरी असणे – सतत हिंडत राहणे.

जरा थांबा: "मी कुत्र्याला चालतो" असे म्हणू नका! आपण स्वतः चालतो, कुत्र्याला फिरवतो. आणि "मी चाललो" याचे दोन अर्थ आहेत: पावले टाकली, किंवा आता निघालो. मुली "मी चालले" म्हणतील.

घरचा अभ्यास: या रविवारी आजी-आजोबांना फोन करा. लहानपणी ते शाळेत कसे जात, किती लांब, पायात काय असे, ते विचारा. पाच वाक्ये मराठीत लिहून आणा. पालकांनी मदत करावी, पण वाक्ये मुलांचीच असू द्यावीत. आम्हाला अक्षर ओळखता येते!