मतदारयादीतील नाव
(उच्च प्राथमिक वर्गांच्या नागरिकशास्त्रासाठी)

लोकशाही म्हणजे निवडणूक, असे उत्तर मुले देतात. ते चूक नाही, परंतु निवडणुकीच्या आधी मतदारयादी असते, आणि लोकशाहीची खरी वाढ त्या यादीत पाहावयास मिळते. इंग्लंडात १८३२ च्या कायद्याने मताधिकार थोडासा विस्तारला, पण तेथील स्त्रियांना तो पुरुषांच्या बरोबरीने मिळावयास १९२८ साल उजाडले. स्वित्झर्लंडमधील स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळाले ते १९७१ मध्ये. भारतात मात्र १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने २१ वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांना एकदमच मताधिकार दिला. (ही वयोमर्यादा १९८९ पासून १८ वर्षे आहे.) त्यापूर्वी मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहून मत मिळत असे.

कायदा झाला, तरी यादी व्हावयाची होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३० लक्ष मतदारांची नोंद झाली. साक्षरता त्या वेळी अवघी १८ टक्के. नोंद करणारा दारी आला, की अनेक स्त्रिया स्वतःचे नाव सांगत ना. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगत. परक्या पुरुषापुढे नाव उच्चारू नये, ही रूढी. पण मत हे व्यक्तीचे असते. नावावाचून मतदाराची ओळख पटणार कशी? मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी न स्वीकारण्याचा निर्णय घेतला. सुमारे ८ कोटी स्त्रियांपैकी जवळजवळ २८ लक्ष स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत व विंध्य प्रदेश येथील होत्या. निर्णय तत्त्वतः बरोबर होता, असेच म्हणावे लागते. तथापि ज्यांचे मत गेले त्यांनी ती रूढी घातलेली नव्हती, हेही मुलांपुढे मांडावे आणि त्यांना वाद घालू द्यावा. या वादाला एकच उत्तर नाही.

निरक्षरांसाठी प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवीत. मतपत्रिकेवर काही लिहावयाचे नसे. ती पेटीत टाकली की झाले. युक्ती सोपी, पण मतपत्रिका पेटीत न टाकता कोणी बाहेर नेली तर कळत नसे. पुढे चिन्हावर शिक्का मारण्याची पद्धत आली.

पाठानंतर मुलांस आईचे व आजीचे पूर्ण नाव विचारून आणण्यास सांगावे. कित्येकांस आजीचे नाव ठाऊक नसते. त्याबद्दल कोणास हसू देऊ नये. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे काम पुष्कळ गावी शिक्षकांकडेच असते, त्यामुळे गावाची यादी वर्गात दाखविणे अवघड नाही. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे माहेरच्या यादीतून सासरच्या यादीत आली आहेत काय, एवढे मुलांकडून घरोघर विचारून घ्यावे.