किशोरवयातील आत्महत्या : प्रतिबंध आणि आधार

परीक्षा संपल्या की गोव्यातील घराघरांत निकालाची वाट पाहिली जाते. निकाल लागतो, पेढे वाटले जातात, शेजारीपाजारी गुणांची विचारपूस करतात. याच दिवसांत काही घरांची दारे मात्र लवकर मिटतात. त्या मिटलेल्या दाराआड बसलेल्या मुलाच्या अगर मुलीच्या मनात काय चालले आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. गुण विचारणारे पुष्कळ असतात. मन विचारणारा एखादाच असतो. तो एखादा वेळेवर भेटला, तर एक जीव वाचू शकतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२३ साली देशात १,७१,४१८ व्यक्तींनी आत्महत्येने प्राण गमावले. त्यांपैकी १३,८९२ विद्यार्थी होते. म्हणजे दिवसाकाठी सरासरी ३८. यांत सर्व वयांचे विद्यार्थी आले आणि शाळा सोडलेली मुले यांत आलीच नाहीत, हेही ध्यानात घ्यावयास हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे १५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत आत्महत्येचा क्रमांक तिसरा लागतो. हा प्रश्न एखाद्या घराच्या नशिबाचा नसून सार्वजनिक आरोग्याचा आहे, आणि म्हणूनच त्यावर उपायही आहेत.

कारणांचा शोध

अशी घटना घडली की गावात एकच प्रश्न विचारला जातो : “कशामुळे?” आणि उत्तरही एकाच शब्दात दिले जाते – नापास झाला, आई रागावली, भ्रमणध्वनी काढून घेतला. वस्तुतः एकाच कारणाने असे घडत नाही. दीर्घकाळ साचलेले दुःख, न ओळखलेला नैराश्याचा आजार, घरातील मारहाण, लैंगिक अत्याचार, व्यसन, कर्जाची विवंचना, वर्गातील छळ यांचा भार मनावर आधीच असतो. परीक्षेचा निकाल अगर एखादे भांडण ही शेवटची काडी ठरते.

गोव्यातच झालेल्या एका अभ्यासाने यावर चांगला प्रकाश टाकला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ग्रामीण व नागरी भागांतील १६ ते २४ वर्षे वयाच्या ३,६६२ तरुण-तरुणींशी बोलणे करण्यात आले. त्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांनी मागील तीन महिन्यांत आत्महत्येसंबंधीचे विचार अगर वर्तन घडल्याचे सांगितले. मुलींमध्ये हे प्रमाण अधिक होते. ज्यांनी शाळा-महाविद्यालय सोडले होते, ज्यांना घरी मारहाण होत होती, ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला होता आणि जे मानसिक त्रासाने ग्रासलेले होते, त्यांच्यात धोका वाढलेला आढळला. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. दुसरी, मुलावर हात उगारणे ही शिस्त नसून धोक्यात घातलेली भर होय.

धोक्याच्या खुणा

किशोरवयात मनाचे चढउतार स्वाभाविक असतात. तथापि पूर्वीच्या स्वभावात अचानक पडलेला आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला फरक दुर्लक्षू नये. झोप व भूक बिघडणे, मित्रांपासून दूर राहणे, आवडत्या खेळात मन न रमणे, अभ्यासात एकाएकी मागे पडणे, विनाकारण चिडणे, मद्य अगर अन्य व्यसनाकडे वळणे, अंगावर स्वतः केलेल्या जखमा दिसणे या त्या खुणा होत. “मी नसतो तर बरे झाले असते”, “तुम्हांला माझा त्रास फार दिवस होणार नाही” अशी वाक्ये, प्रिय वस्तू वाटून टाकणे, निरोपासारखे बोलणे ही तर तातडीची सूचना समजावी. फार अस्वस्थ असलेले मूल एकाएकी शांत झाले, तर निश्चिंत न होता त्याच्याशी बोलावे. पूर्वी एकदा प्रयत्न केलेल्या मुलाकडे पुढील काही महिने विशेष लक्ष पुरवावे लागते.

या खुणा आई-वडिलांनाच प्रथम दिसतील असे नाही. बालरथाच्या चालकाला, शाळेतील शिपायाला, शेजारच्या आजीला किंवा बाकावरील सोबत्याला त्या आधी दिसू शकतात.

दोन गैरसमज

“जो बोलून दाखवतो, तो करीत नाही” हा समज घातक आहे. आत्महत्येने मृत्यू पावलेल्या अनेकांनी त्यापूर्वी कोणाजवळ तरी सूचक शब्द काढलेले असतात. दुसरा समज असा की, स्पष्ट विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो. संशोधनाने याला पुष्टी दिलेली नाही. उलट, शांतपणे विचारलेल्या प्रश्नाने मनावरील ओझे हलके होते आणि मदतीची वाट मोकळी होते.

एक प्रसंग

उदाहरणादाखल एक कल्पित प्रसंग पाहावा. डिचोली तालुक्यातील एक विद्यार्थिनी दहावीला उत्तम गुण मिळवून अकरावीस विज्ञान शाखेत गेली. खाणव्यवसाय थंडावल्यापासून वडिलांच्या ट्रकला पुरेसे काम नव्हते. तरीही त्यांनी कर्ज काढून तिला शिकवणी लावली. पहिल्याच चाचणीत ती दोन विषयांत अनुत्तीर्ण झाली. एके दिवशी तिने आपल्या वह्या व कंपासपेटी मैत्रिणीला दिली व “मला आता नको” एवढेच म्हणाली. “कोणाला सांगू नकोस” असे तिने बजावले होते. तरी मैत्रीण वर्गशिक्षिकेकडे गेली. शाळा सुटल्यावर बाईंनी तिला ग्रंथालयात बसवून घेतले.

“बाई, मी बरी आहे.”

“बरी असलीस तर चांगलेच आहे. पण पंधरा दिवस तू डबा उघडलेला नाहीस, हे मी पाहते आहे. मला घरी जायची घाई नाही. तुला वाटेल तेव्हा बोल.”

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “बाबांनी माझ्यासाठी कर्ज काढलं. मी नसते तर तेवढं तरी वाचलं असतं.”

“वेड्यासारखे बोलू नकोस” असे म्हणणे या ठिकाणी सोपे होते. बाईंनी तसे न म्हणता सरळ विचारले, “जीव संपवावा, असे विचार मनात येतात का?” मुलीने मान हलवली. “कधीपासून? आजही आले का? काही ठरवले आहेस का?” ही चौकशीही त्यांनी आवाज न चढविता केली. मग त्या म्हणाल्या, “तू सांगितलेस, फार चांगले केलेस. हे मी एकटी मनात ठेवणार नाही. तुझ्या आईला सांगू या, पण तुझ्यासमोर सांगू. चालेल?”

बाईंनी तिला एकटी सोडले नाही. आई शाळेत आली. तिला काय झाले आणि आता काय करावयाचे, हे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी तिघी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या व तेथून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणी झाली. वडील प्रथम गप्प राहिले, मग मुलीला म्हणाले, “बाय, कर्ज माझं आहे, तुझं नव्हे.” मुलीचे सारे प्रश्न त्या दिवशी सुटले नाहीत; उपचार काही महिने चालले. परंतु आपण घराला भार आहोत, ही तिची समजूत त्या एका वाक्याने सैल झाली.

या प्रसंगातून घ्यावयाचा धडा असा : ऐकावे, तुलना करू नये, उपदेशाची घाई करू नये, स्पष्ट विचारावे, एकटे ठेवू नये आणि पुढील मदतीपर्यंत स्वतः सोबत जावे. प्राणाचा प्रश्न असताना गुप्ततेचे वचन पाळावयाचे नसते. मैत्रिणीने ते मोडले, हाच तिच्या मैत्रीचा खरा पुरावा.

संकट ओसरल्यावर मुलाबरोबर बसून एका कागदावर सुरक्षेची योजना लिहून ठेवावी. विचार येऊ लागल्याच्या खुणा कोणत्या, त्या वेळी मन कशात रमते, कोणाकडे जाता येईल, कोणत्या मोठ्या माणसाला कळवावयाचे, कोणत्या क्रमांकावर बोलावयाचे आणि घर सुरक्षित कसे ठेवावयाचे, एवढ्या गोष्टी मुलाच्याच शब्दांत त्यात असाव्यात.

शाळेचे कर्तव्य

युरोपातील दहा देशांतील १६८ शाळांमध्ये ११,११० विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत मुलांनी नाट्यप्रवेश व चर्चा यांद्वारे ताण, नैराश्य व मदत मागणे या विषयांचा स्वतः अभ्यास केला, तेथे वर्षभरात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण इतर शाळांच्या तुलनेत सुमारे निम्मे आढळले. केवळ शिक्षकांना खुणा ओळखण्याचे प्रशिक्षण दिलेल्या गटात मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही. शिक्षकांचे ज्ञान आवश्यक आहे, पण ते पुरेसे नाही. मुलांना आपसांत बोलण्याची भाषा मिळाली पाहिजे, असा याचा अर्थ.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक निर्देश दिले. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावे, मदतीचे क्रमांक ठळकपणे लावावेत, गुणांवरून तुकड्या पाडू नयेत आणि विद्यार्थ्याला चारचौघांत लज्जित करू नये, या त्यांतील प्रमुख गोष्टी होत. निकालाच्या दिवशी अनुत्तीर्ण मुलाच्या घरी एका शिक्षकाने जाणे, पुरवणी परीक्षेची माहिती त्याच वेळी देणे, यासाठी वेगळ्या निधीची गरज नसते.

घर आणि गाव

आत्यंतिक ओढीचा क्षण अनेकदा अल्पकाळ टिकतो. त्या क्षणी घातक वस्तू हाताशी नसेल, तर जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आणि तो क्षण टळल्यावर मनुष्य दुसऱ्या मार्गाकडे वळतोच, असे नाही. श्रीलंकेने अत्यंत विषारी कीटकनाशकांवर १९९५ पासून टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण पुढील दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी घटले. तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी कीटकनाशके घरी न ठेवता गावातील सामायिक कुलूपबंद कपाटांत ठेवण्याचा प्रयोग केला. त्याचेही फळ चांगले दिसले. भातशेती व बागायती करणाऱ्या गोव्यातील गावांना हा धडा सहज गिरवता येईल. शेतीची औषधे व घरातील गोळ्या कुलपात ठेवाव्यात, आणि किल्ली मोठ्यांकडे असावी.

दुर्दैवाने गावात अशी घटना घडलीच, तर तिचा तपशील चघळू नये, छायाचित्रे पाठवू नयेत, मृताचा गौरव वा निंदा करू नये. अशा बोलण्याने इतर हळव्या मुलांवर परिणाम होतो. दुःखी कुटुंबाला दोष न देता सोबत करावी.

कायदा आणि मदत

पोलीस येतील, बदनामी होईल, या भीतीने अनेक कुटुंबे प्रयत्नातून वाचलेल्या मुलास दवाखान्यात नेण्यास कचरतात. ही भीती बाळगण्याचे कारण नाही. २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असेच गृहीत धरले जाते. तिला शिक्षा न करता उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तो विनामूल्य असून अहोरात्र चालतो. संकटातील मुलाने अथवा त्याच्या काळजीत असलेल्या कोणीही तेथे बोलावे. बालकांवरील अत्याचार वा अन्य संकटासाठी १०९८ हा क्रमांक आहे. जिवाला तात्काळ धोका असेल तर ११२ अथवा १०८ वर कळवून नजीकचे रुग्णालय गाठावे. बांबोळी येथे गोवा वैद्यकीय महाविद्यालय तसेच मनोविकार व मानवी वर्तन संस्था यांच्याकडे तज्ज्ञ उपचार उपलब्ध आहेत. औषधे दिली गेल्यास ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून मध्येच बंद करू नयेत.

राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये ठेवले. धोरण कागदावर आखले जाते. पार पाडावे लागते ते वर्गात, ओसरीवर आणि ग्रामसभेत.

चर्चेसाठी प्रश्न

पालक-शिक्षक संघ व ग्रामपंचायतींनी पुढील प्रश्नांवर विचार करावा :

१. आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला मनातले सांगता येईल, असे एक तरी मोठे माणूस शाळेत आहे काय?

२. १४४१६ व १०९८ हे क्रमांक वर्गात, बालरथात व पंचायत कार्यालयात लावलेले आहेत काय?

३. शाळा सोडलेल्या मुलामुलींची विचारपूस गावात कोण करते?

४. गावातील कीटकनाशके कोठे व कोणाच्या ताब्यात ठेवली जातात?

या चार प्रश्नांची उत्तरे पुढील निकालाच्या दिवसापूर्वी मिळावीत, एवढी दक्षता प्रत्येक गावाने घेणे अगत्याचे आहे.