वाचाघात आणि चुंबकीय उपचार

पक्षाघाताने उजवा हात-पाय लुळा पडतो, हे आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. त्याच झटक्यात वाचाही जाऊ शकते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. रुग्ण समोरचा तांब्या ओळखतो, त्यातले पाणी पितो. पण 'तांब्या' हा शब्द त्याच्या ओठांवर येत नाही. कधी पाढे सलग म्हणतो आणि नातवाचे नाव विचारताच अडखळतो. घरची माणसे मग त्याला वेड्यात काढतात. रुग्णाची खरी हानी आम्हांस इथेच दिसते. हा वाचाघात आहे. शब्द हरवले म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे.

बहुतेकांची भाषाकेंद्रे मेंदूच्या डाव्या अर्धात असतात. 'तान' एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूस इजा झाल्याचे फ्रेंच शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६१ साली दाखवले. डावी बाजू दुखावली की उजवी अतिसक्रिय होते आणि सावरू पाहणाऱ्या डाव्या बाजूस दाबून धरते, असे काही संशोधक मानतात. चुंबकीय उत्तेजनाचा एक प्रकार या विचारावर उभा आहे.

त्यामागचे तत्त्व शाळेच्या विज्ञानातलेच. बदलत्या चुंबकक्षेत्रातून वीज निर्माण होते, हे फॅरेडे यांनी १८३१ साली सिद्ध केले. १९८५ साली शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी त्याच तत्त्वाने कवटीबाहेरून मेंदू उत्तेजित केला. वाचाघातात डोक्याच्या उजव्या पुढच्या भागाजवळ तारेचे वेटोळे धरून साधारण सेकंदाला एक असे स्पंद सुमारे वीस मिनिटे देतात. अशा अनेक बैठका होतात. चिरफाड नाही, भूल नाही. टकटक ऐकू येते. डोक्यात धातूचे रोपण असल्यास वा फेफरे येत असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

काही रुग्णांना वस्तूंची नावे सांगणे यामुळे सुधारल्याचे आढळले आहे. तथापि हे प्रयोग बहुतांशी लहान आहेत, आणि वाचोपचाराची जागा हे यंत्र घेत नाही. यंत्राच्या नावाने कोणी खात्रीचा गुण देऊ म्हणाले तर सावध असावे.

त्याहून निकडीची बाब वेळेची. तोंड वाकडे झाले, बोली अडखळली की १०८ क्रमांकावर फोन करावा. गुठळी विरघळवणारे औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते. पुढे वाचोपचार हवा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाणी व श्रवणाचे काम करते. पण सांगवीहून रोज तिथे कोण जाणार? म्हणून उपचारतज्ज्ञाने शिकवलेला सराव घरी, आपल्या बोलीतच चालू ठेवावा. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, 'चहा की दूध?' असा, आणि दोन्ही वस्तू समोर ठेवून उत्तराची वाट पाहावी.